बुडालेले गलबत आणि बुडी मारणारा पंडित



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हणजे किल्ले, ताम्रपट, बखरी आणि दप्तरे यांवर बोलावयाचे, असा एक संकेत पडून गेला आहे. संकेत वाईट नाही. पण इतिहासाची सगळी साधने कोरड्या जमिनीवरच आहेत अशी जी समजूत त्यातून होते, ती मात्र खरी नव्हे. पृथ्वीचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग पाण्याखाली आहे आणि माणूस हजारो वर्षे त्या पाण्यावरून ये-जा करीत आला आहे. जितकी तारवे बंदरातून निघाली तितकी मुक्कामाला लागली नाहीत. जी लागली नाहीत ती कोठेतरी आहेतच, आणि त्यांतली पुष्कळशी किनाऱ्यापासून फार दूर नाहीत; कारण तारू फुटते ते बहुधा खडकावर, आणि खडक असतो तो किनाऱ्याजवळ. आज आम्ही बोलणार आहोत ते या तारवांविषयी आणि पाठीवर हवेची नळकांडी बांधून त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या माणसांविषयी.

जमिनीवरचे जुने गाव आणि समुद्रात बुडालेले गलबत यांत इतिहासाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. गावाची पांढरी उकरली म्हणजे अनेक पिढ्यांचा संसार एकावर एक चढलेला सापडतो. पण माणसे गाव सोडतात तेव्हा भांडीकुंडी, हत्यारे, दागदागिने बरोबर नेतात. तांब्याचे भांडे फुटले तरी ते वितळवून पुन्हा कामास लावतात. मागे राहते ते खापर. गलबताचे तसे नाही. विकायचा माल, खलाशांची जेवणाची भांडी, तांडेलाचा तराजू, एखाद्या उतारूची पेटी, हे सगळे एकाच दिवशी एकाच जागी तळाला जाते. उघडे राहिलेले लाकूड समुद्रातले किडे खाऊन टाकतात हे खरे. पण जे वाळूत किंवा मालाखाली दबले ते हजारो वर्षे टिकते. व्यापाऱ्याच्या वहीचे एकच पान हाती यावे, पण त्या पानावर त्या दिवसाचा सगळा जमाखर्च असावा, तसा हा प्रकार आहे.

मात्र हे पान एकदाच वाचता येते. कोणती वस्तू कोणत्या वस्तूच्या शेजारी, वर की खाली, नाळेकडे की वरामाकडे पडली होती, यातच पानाचा अर्थ असतो. आणि वस्तू उचलली की ती जागा गेली. म्हणून या विद्येतला खरा प्रश्न असा की, खाली जाऊन हात कोणी लावायचा? ज्याला पाणी कळते त्याने, की ज्याला इतिहास कळतो त्याने? गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाची तीन उत्तरे देऊन झाली. पहिल्या दोहोंची किंमत फार पडली. तिसरे उत्तर काय निघाले, आणि आपल्या किनाऱ्याने त्यावरून काय घ्यावे, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे.

त्याआधी खाली जाणाऱ्या माणसाच्या शरीराचे काय होते ते समजून घेतले पाहिजे. वर हवेचा जो दाब आपण नित्य सोसतो तेवढाच आणखी एक दाब पाण्यात दर १० मीटरांना वाढतो. ५० मीटर खोलीवर तो सहापट होतो. तेथे श्वास घ्यायचा तर हवाही तितक्याच दाबाची हवी. म्हणजे जी टाकी वर एक तास पुरेल ती तेथे दहा मिनिटांत रिती होते. शिवाय हवेतला नायट्रोजन त्या दाबाखाली मेंदूवर मद्यासारखा अंमल करतो. पाणबुड्याला उगाचच आनंद वाटू लागतो आणि साधी बेरीज चुकते. याहून मोठा धोका परतीच्या वाटेवर असतो. दाबाखाली तोच नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळून बसतो. सोडावॉटरच्या बाटलीची गोळी एकदम आत दाबली की पाण्यात मुरलेला वायू कसा फसफसून वर येतो ते आपण पाहिले आहे. माणूस घाईने वर आला तर त्याच्या रक्ताचे तसेच होते. सांधे धरतात, कमरेखालचा भाग लुळा पडतो, प्रसंगी प्राण जातो. म्हणून खाली घालविलेल्या प्रत्येक मिनिटाची फेड वर येताना टप्प्याटप्प्यावर थांबून करावी लागते. समुद्रतळावरचे संशोधन हे असे मिनिटांच्या हिशेबाने चालते, ही गोष्ट पुढच्या सगळ्या कथनात ध्यानी ठेवावी.

आता पहिले उत्तर. १९०० साली ग्रीसमधल्या सीमी बेटाचे पाणबुडे समुद्रातला स्पंज काढण्याच्या सफरीवर असताना वादळामुळे अँटिकिथेरा नावाच्या लहानशा बेटाच्या आश्रयाला थांबले. त्यांतला एक जण धातूचे शिरस्त्राण आणि वरून हवा पुरविणारी नळी अशा पोशाखात खाली उतरला, आणि तळाशी माणसांची प्रेते पडली आहेत असे सांगत घाबरून वर आला. ती प्रेते नव्हती. काशाचे आणि संगमरवरी पुतळे होते. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात बुडालेले ते मालवाहू गलबत होते. ग्रीक सरकारने आपले आरमार मदतीला दिले आणि १९०१ पर्यंत याच पाणबुड्यांकडून माल वर काढविला. पंडित मंडळी वर जहाजाच्या फळीवर होती. सुमारे ५० मीटर खाली काम करीत होते ते स्पंजवाले. एक पाणबुडा मेला, दोन जन्माचे पांगळे झाले.

त्यांनी वर काढलेल्या ढिगात काशाचा एक गंजका गोळा होता. १९०२ साली त्यात एक दंतचक्र दिसले. पुढे सिद्ध झाले की ते सूर्य, चंद्र आणि ग्रहणे यांची गणिते करणारे यंत्र होते. त्याची ३० दंतचक्रे आजही शिल्लक आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी असे यंत्र घडत होते हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. पण ते गलबतात कोठे होते, पेटीत होते की कोणाच्या सामानात, त्याच्या शेजारी काय होते, हे सांगणारी नोंद नाही. ज्यांनी ते उचलले त्यांना नोंद करण्यास कोणी शिकविले नव्हते, आणि ज्यांना नोंदीचे महत्त्व ठाऊक होते ते खाली गेले नव्हते. पाणबुड्यांना दोष देण्याचे आमच्या मनात नाही. त्यांनी जीव दिला. याहून अधिक कोणी काय द्यावे?

दुसरे उत्तर येण्यास एक शोध कारण झाला. १९४३ साली फ्रान्समध्ये आरमारातील अधिकारी झाक कूस्तो आणि इंजिनियर एमिल गान्यां यांनी पाठीवरच्या टाकीला जोडण्याची एक झडप तयार केली. युद्धकाळात पेट्रोल मिळेना, म्हणून गॅसवर मोटारी चालविण्यासाठी गान्यांने जी झडप केली होती तिचेच हे रूप. श्वास ओढला की ती हवी तेवढी आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाची हवा देते. श्वास सोडला की मिटते. वरून येणारी नळी गेली, शिशाचे जड जोडे गेले, आणि माणूस माशासारखा मोकळा झाला. पाण्याखाली श्वास घेण्याचे स्वयंपूर्ण साधन, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून ‘स्कूबा’ हा शब्द झाला आणि आता तो कोकणातही रुळला आहे.

या साधनाने पहिले मोठे काम झाले ते मार्सेय बंदराजवळच्या ग्रां काँग्लुए या खडकाळ बेटाशी, १९५२ पासून पुढे पाच वर्षे. कूस्तो आणि त्याचे साथीदार यांनी हजारो उभट मद्यकुंभ वर काढले. उत्खननाची सूत्रे फर्नां बेन्वा या नामांकित पुरातत्त्वज्ञाकडे होती. पण ते पाण्यात उतरत नसत. पाणबुडे वर येऊन जे सांगत त्यावर आणि पाण्याखालच्या चित्रांवर त्यांनी आपला निष्कर्ष बांधला की, हे एक गलबत आहे. पुढे पुन्हा तपासणी झाली तेव्हा दिसून आले की तेथे एकावर एक दोन गलबते बुडालेली होती आणि त्यांच्यामध्ये सुमारे शंभर वर्षांचे अंतर होते. दोन निराळ्या पोथ्यांची पाने एका बस्त्यात मिसळावीत आणि त्यांचा एकच ग्रंथ म्हणून अर्थ लावावा, तसे झाले. पाणबुडे कुशल होते, पंडितही थोर होता. दोघांच्या मध्ये चाळीसएक मीटर पाणी होते, आणि सगळी चूक त्या पाण्यात शिरली. आपल्याकडे काठावर बसून पोहणे शिकविणाऱ्याची थट्टा करतात. विद्येच्या क्षेत्रात ती थट्टा राहत नाही. तेथे तिची किंमत मोजावी लागते.

तिसऱ्या उत्तरासाठी आपल्याला भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाला, तुर्कस्तानच्या नैऋत्य किनाऱ्यावर जावयाचे आहे. या किनाऱ्यावरचे बोद्रुम हे तेव्हा स्पंज काढणाऱ्यांचे गाव होते. १९५८ साली पीटर थ्रॉकमॉर्टन नावाचा एक अमेरिकन छायाचित्रकार तेथे येऊन राहिला. तो कप्तानांबरोबर बसे, त्यांच्या होडीवर झोपे, आणि जाळ्यात काय अडकते, कोठे काय दिसले, हे विचारीत राही. केमाल नावाच्या कप्तानाने बोलता बोलता सांगितले की गेलिदोन्या भूशिराजवळ तांब्याच्या पाट्यांचा एक चिकटून बसलेला ढीग आहे, आणि तो सुरुंगाने फोडून भंगारात विकावा असा त्याचा बेत आहे. थ्रॉकमॉर्टनने त्याला थांबविले. ते तांबे ख्रिस्तपूर्व १२०० च्या सुमाराचे होते. त्या काळी ज्ञात असलेल्या बुडालेल्या गलबतांत ते सर्वांत जुने ठरले.

१९६० च्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने तेथे मोहीम पाठविली. तिचा प्रमुख जॉर्ज बास हा २७ वर्षांचा विद्यार्थी होता. त्याला पुरातत्त्व येत होते, बुडी येत नव्हती. फिलाडेल्फियाच्या एका तलावात थोडे धडे घेऊन तो आला आणि स्वतः खाली उतरला. पाणबुड्याला पुरातत्त्व शिकविण्यापेक्षा पुरातत्त्वज्ञाला बुडी शिकविणे सोपे, हे त्याचे सूत्र. जमिनीवरील उत्खननाचे सगळे नियम त्याने पाण्याखाली लागू केले: आधी नकाशा, मग छायाचित्र, मग मोजमाप, आणि शेवटी हात. कागद पाण्यात टिकत नाही म्हणून खरखरीत प्लॅस्टिकच्या पाटीवर शिसपेन्सिलीने रेखाटने केली. समुद्राच्या चुन्याने सिमेंटसारखे जखडलेले ढेकूळ छिन्नीने कापून, मोटार उचलण्याच्या जॅकने सुटे करून वर आणले, आणि किनाऱ्यावर ते जसे खाली होते तसेच पुन्हा जुळविले.

या काळजीचे फळ लगेच मिळाले. मालाखाली झुडपांच्या बारीक फांद्यांचा थर सापडला. ओडिसी या ग्रीक महाकाव्यात नायक आपल्या तारवात फांद्या पसरतो असा उल्लेख आहे. तो कशासाठी, यावर पंडितांची डोकी शिणली होती. जड माल तक्तपोशीवर आदळू नये म्हणून तो थर असे, हे त्या दिवशी उलगडले. हाताला लागेल ते वर ओढणाऱ्याने त्या काटक्या कचरा म्हणून झाडून टाकल्या असत्या. वजने, मुद्रा आणि खलाशांच्या खासगी वस्तू पाहून बासने असेही म्हटले की हे तारू ग्रीसचे नव्हे, सिरिया-पॅलेस्टाइनकडचे असावे. त्या काळातला सागरी व्यापार ग्रीकांच्याच हाती होता असा तेव्हा विद्वानांचा ठाम समज होता. त्यांनी या तरुणाचे म्हणणे सहज मान्य केले नाही.

निकाल लागण्यास आणखी बावीस वर्षे जावी लागली. या अवधीत बासने १९७३ साली सागरी पुरातत्त्वासाठी एक स्वतंत्र संस्था काढली होती. तिची माणसे दरवर्षी तुर्की किनाऱ्यावरच्या गावांतून हिंडत आणि स्पंजवाल्यांना तांब्याच्या जुन्या पाट्यांची चित्रे दाखवीत. १९८२ साली मेहमेद चाकिर नावाच्या पाणबुड्याने आपल्या कप्तानाला सांगितले की उलुबुरुनच्या कड्याखाली ‘कान असलेली धातूची बिस्किटे’ पडली आहेत. कप्तानाच्या ध्यानात ते चित्र होते. त्या चार कोपऱ्यांना कान फुटल्यासारख्या दिसणाऱ्या तांब्याच्या पाट्याच होत्या.

उलुबुरुनचे गलबत किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, पण ४४ पासून ६१ मीटरांपर्यंत उतरत्या तळावर विखुरले होते. १९८४ ते १९९४ असे अकरा उन्हाळे काम चालले. पहिल्या वर्षानंतर सूत्रे जेमाल पुलाक या तुर्की संशोधकाकडे आली. कड्याला बांधलेल्या लाकडी खोपटांत राहावयाचे आणि प्रत्येकाने दिवसातून दोन बुड्या मारावयाच्या, दर बुडीत तळावर सुमारे वीस मिनिटे. म्हणजे दिवसाकाठी एका माणसाचे काम पाऊण तासही नाही! शेवटी बेरीज केली तेव्हा २२,४१३ बुड्या भरल्या. अंगावर उचलण्याची घाई असती तर हे काम दोन-तीन उन्हाळ्यांत आटोपले असते. अकरा लागले ते नोंदीसाठी.

त्या नोंदींतून काय उभे राहिले ते पाहा. सुमारे १५ मीटर लांबीचे, देवदाराच्या जातीच्या लाकडाचे हे गलबत ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकाच्या अखेरीस बुडाले. त्यावर सायप्रसचे दहा टन तांबे होते आणि एक टन कथील. दहास एक हेच कासे ओतण्याचे प्रमाण. म्हणजे एका लहानशा सैन्याची हत्यारे कच्च्या मालाच्या रूपाने चालली होती. तांब्याच्या ३५४ मोठ्या पाट्या गलबताच्या रुंदीभर चार ओळींत, एकीची कड दुसरीवर चढवून, घरावर कौले शाकारावीत तशा रचल्या होत्या, आणि त्यांच्याखाली पुन्हा तोच फांद्यांचा थर. रचणाऱ्या हमालाचा हात तेहतीसशे वर्षांनंतर ओळखू आला, कारण पाटी न पाटी जागेवर मोजली गेली होती.

बाकीचा माल तर एखाद्या राजाच्या भांडारासारखा आहे. सुमारे १५० कुंभ, आणि त्यांतल्या बहुतेकांत झाडाचा सुगंधी चीक. निळ्या आणि जांभळट काचेच्या लाद्या. आफ्रिकेचे काळे लाकूड. हत्तीचा सुळा आणि पाणघोड्याचे दात. शहामृगाच्या अंड्यांची कवचे. उत्तर युरोपातल्या बाल्टिक समुद्राकडचे अंबराचे मणी. इजिप्तची राणी नेफरतिती हिचे नाव कोरलेली सोन्याची लहानशी मुद्रा. डाळिंबे भरलेल्या एका रांजणात लाकडाची दोन पानांची घडीची पाटी मिळाली. तिला हस्तिदंताची बिजागरी आहे. अशा पाटीत मेण भरून त्यावर टोचणीने लिहीत. मेण गेले, अक्षरही गेले. पण खलाशी आणि व्यापारी हिशेब लिहीत होते ही साक्ष राहिली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून असे दिसते की त्या कथिलापैकी काही मध्य आशियातल्या खाणींतून आले असावे. म्हणजे बाल्टिकपासून मध्य आशियापर्यंत आणि आफ्रिकेच्या अरण्यापासून सायप्रसपर्यंतचे धागे या एका लाकडी पोटात येऊन मिळाले होते.

आणि हे तारू होते कोठचे? २४ दगडी नांगर, तराजूची वजने आणि रोजच्या वापरातली भांडी, सगळ्यांचे बोट सिरिया-पॅलेस्टाइनच्या किनाऱ्याकडे आहे. ग्रीक बनावटीच्या तलवारी, वस्तरे आणि मुद्रा सापडल्या त्या बहुधा दोन उतारूंच्या. बासचे म्हणणे या गलबताने पुष्कळ अंशी उचलून धरले. यात एक साक्षीदार मोठा गमतीचा आहे. गाळातून उंदराच्या जबड्याचे एक हाड मिळाले. त्याची तपासणी करून प्राणिशास्त्रज्ञांनी सांगितले की हा उंदीर सिरियाच्या किनाऱ्यावरचा आहे. सोन्याची मुद्रा कोणीही उचलली असती. गाळातून उंदराचा जबडा वेचून त्याची जागा लिहून ठेवणारा माणूस तयार करण्यास एक पिढी खर्ची पडली, आणि गलबताच्या शेवटच्या बंदराचा पत्ता दिला तो त्या उंदराने.

येथे कोणी व्यवहारी श्रोता विचारील की, एवढा पैसा आणि जिवावरचा धोका कशासाठी? माल काढावा, विकावा, त्यातून खर्च भागवावा. असेही लोक करतात. १७५२ साली चीनच्या दक्षिणेकडील समुद्रात बुडालेल्या ‘गेल्डरमाल्सन’ या डच जहाजातून दीड लाखांवर चिनी मातीची भांडी आणि १२५ सोन्याच्या लगडी १९८५ साली काढण्यात आल्या आणि १९८६ साली ॲमस्टरडॅमला त्यांचा लिलाव झाला. घराघरांतल्या कपाटांत ती बशी-वाटी आज शोभत असेल. पण मिनिटे वाचविण्याच्या घाईत जहाजाची बांधणी, मालाची मांडणी, खलाशांचा संसार यांचे जे पान वाचता आले असते ते गेले, आणि भांडी जगभर पांगल्याने ते पुन्हा जुळविण्याची सोयही गेली. उलुबुरुनचा माल मात्र बोद्रुमच्या जुन्या किल्ल्यातील संग्रहालयात एकत्र आहे. उद्या नवे परीक्षण निघाले तर त्याला पुन्हा प्रश्न विचारता येतात. कथिलाची गोष्ट उत्खनन संपल्यानंतर २८ वर्षांनी उमगली ती यामुळेच. युनेस्कोने २००१ साली केलेल्या करारात, शंभर वर्षे पाण्याखाली राहिलेल्या अशा वस्तूंचा व्यापार करू नये आणि होता होईतो त्या जागीच राखाव्यात, असे तत्त्व घातले आहे, त्याचेही मर्म हेच.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. आपल्याकडे ही विद्या अगदी नवी नाही. गोव्यातल्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८० च्या दशकापासून सागरी पुरातत्त्वाचे काम चालते; लोथलचे उत्खनन करणारे एस. आर. राव यांनी द्वारकेच्या समुद्रातील शोधासाठी तिचा पाया घातला. या संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांनी गोव्याजवळच्या सुंची नावाच्या खडकापाशी सतराव्या शतकातल्या, बहुधा पोर्तुगीज, गलबताचे अवशेष पाहिले. पाणी तेथे अगदीच उथळ, काही मीटरांचे. लोखंडी तोफा, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, आणि आफ्रिकेतून आलेले हत्तीचे सुळे व पाणघोड्याचे दात! उलुबुरुनपासून तीन हजार वर्षे उलटली, समुद्र बदलला, माल मात्र तोच. गोव्याच्या किनाऱ्यापाशी लिस्बन, आफ्रिका आणि चीन यांचा हिशेब असा खडकात अडकून पडलेला आहे.

गोव्याच्याच सेंट जॉर्ज खडकापाशी दुसरे एक गलबत आहे. त्याचा माल म्हणजे कौले आणि भाजलेल्या मातीच्या वस्तू. कौलांवर बासेल मिशनच्या कारखान्याचा शिक्का आणि १८६५ हे साल आहे. हीच ती मंगलोरी कौले, जी आपल्यांतल्या पुष्कळांच्या आजोळच्या घरांवर होती. राजाची मुद्रा नाही, सोने नाही. पण मंगलोरची माती कोकण-गोव्याच्या घरांवर कशी चढली, या प्रश्नाच्या उत्तराचा एक पुरावा म्हणून हे साधे कौल आम्हांला सोन्याच्या मुद्रेइतकेच मोलाचे वाटते.

आपला समुद्र भूमध्य समुद्रासारखा नितळ नाही. पावसाळ्याचे चार महिने तो कोणाला जवळ येऊ देत नाही, आणि इतर वेळीही नद्यांच्या गाळाने पुष्कळदा हाताचे अंतर दिसत नाही. पाण्यात उतरणारे पुरातत्त्वज्ञ आपल्याकडे मोजकेच आहेत. उलट स्कूबाची हौस वाढते आहे. मालवण-तारकर्लीला हजारो तरुण सुटीत येतात, सिंधुदुर्गाच्या परिसरात बुडी मारतात, रंगीत मासे पाहतात. हौसेचे आम्हांला कौतुकच आहे. पण ज्याच्या हाती हे साधन आले त्याच्या हाती ते एकदाच वाचता येणारे पानही आले. तळाशी खापराचा तुकडा, लोखंडाचा गंजका गोळा, दगडाचा भोकाचा नांगर दिसला तर तो आठवण म्हणून पिशवीत टाकू नये. जागा लक्षात ठेवावी, जमल्यास छायाचित्र घ्यावे, आणि जाणत्यांना कळवावे. गंजका गोळा म्हणजे काय असू शकते, हे अँटिकिथेराने दाखविलेच आहे.

दुसरी सूचना आमच्या विद्यापीठांना आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मोडी शिकवितात तशी थोडी बुडीही शिकविली पाहिजे. सगळ्यांना नव्हे, ज्याला दम आहे त्याला. पण तेवढ्याने भागणार नाही. आमच्या किनाऱ्यावरचा कोळी आणि गाबीत कोणत्या खडकाशी जाळे फाटते, कोठे नांगर अडकतो, कोणत्या जागेला ‘तारू’ किंवा ‘गलबत’ म्हणण्याची वाडवडिलांची चाल आहे, हे जाणतो. ही माहिती कोणत्याही दप्तरात नाही. बोद्रुमच्या धक्क्यावर एका माणसाने बसून ऐकले नसते तर गेलिदोन्याचे तांबे भंगारात गेले असते. आणि स्पंजवाल्यांना पाट्यांची चित्रे कोणी दाखविली नसती तर कान असलेली बिस्किटे आणखी किती वर्षे कोणाच्या लक्षात न येता पडून राहिली असती, कोण सांगेल?

स्पंजाचा तो धंदा आता बहुतेक बसला आहे. कृत्रिम स्पंज आले, समुद्रात रोग पसरला, आणि वडिलांकडून मुलाकडे जाणारी तळाची ओळख संपत चालली. आपल्याकडेही यांत्रिक नौका आणि उपकरणे आल्यापासून जुन्या तांडेलांची खुणा लावून जागा ओळखण्याची विद्या मागे पडत आहे. ज्या पिढीला ती येते ती आज सत्तरीत आहे. गलबते आणखी शंभर वर्षे वाट पाहतील. ही माणसे पाहू शकणार नाहीत. तेव्हा पंडिताने पाण्यात उतरावे हे तर खरेच, पण त्याआधी त्याने बंदरावर जाऊन एखाद्या म्हाताऱ्या तांडेलाजवळ बसावे, वही काढावी, आणि तो सांगेल ते निमूटपणे लिहून घ्यावे. त्या कामाला नळकांडी लागत नाही आणि ते याच सुटीत सुरू करता येण्याजोगे आहे.